आत्या, दुसरा!

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, जन्म कुर्ल्याचा, साल १९८१. घरात मात्र ती फियाटच. तक्रार म्हणाल तर एकच. एक्सप्रेसवेवर काटा ऐंशीला टेकला की ती अशी किंचाळते, की शेजारी बसलेल्या बायकोला मी काय म्हणतोय ते कळत नाही. बायकोची याबद्दल काही तक्रार नव्हती. माझी होती.

मेस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. मागे जाऊन वाकला, दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी भोपळ्यावर पान्यानं टकटक केलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिन बिचारं चांगलंय. डिफरन्स बदलू."

डिफरन्स म्हणजे डिफरन्शियल. पण हा शब्द पूर्ण उच्चारणारा मेस्त्री मला अजून भेटायचाय. भोपळ्याच्या पोटात क्राउन आणि पिनियन अशी दात असलेली चाकांची जोडी असते. आमच्या पिनियनला दात १०, क्राउनला ४३. म्हणजे शाफ्टनं ४.३ गिरक्या घेतल्या की मागचं चाक एकदा फिरणार. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरतात, त्यामुळे ऐंशीच्या वेगाला १०८९ सीसीचं ते इंजिन मिनिटाला तीनेक हजार फेरे मारत असतं. मेस्त्रीनं कुठून तरी १० आणि ३९ दातांची जोडी पैदा केली. कुठून, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. तीनेक हजारांतले तीनशे फेरे वाचणार होते. मी घरी हे असं सांगितलं, की जणू दर मिनिटाला तीनशे रुपये वाचणार आहेत.

"आणि हात घालतोच आहोत," मेस्त्री म्हणाला, "तर गिअरबॉक्सपण करून टाकू." घराला रंग देताना 'हात घालतोच आहोत' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

जुना गिअर स्टिअरिंगलगत. दांडा वर करा, आपल्याकडे ओढा, खाली आणा. लांबून बघणाऱ्याला वाटावं ताक घुसळतोय. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणून गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला पडायचा नाही, आणि पाडलाच तर आतून अडकित्ता चालवल्यासारखा आवाज. शेवटच्या काळातल्या पद्मिनींना मात्र निसानचा, खाली जमिनीतून दांडा येणारा गिअरबॉक्स मिळाला होता. तसाच एक मेस्त्रीनं मुंबईहून आणला, काळ्यापिवळ्या टॅक्सीचा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे माल मिळाला. गाडी आता कोणी फुटपाथवरून हात दाखवला की थोडी अडखळते, असा मला संशय आहे. मेस्त्री म्हणतो, क्लच आहे.

मग शाफ्टची लांबी जुळेना. तो लेथवाल्याकडे गेला. मग दांड्यासाठी पत्रा कापावा लागला. वडिलांच्या गाडीला भोक पाडताना मी बाहेर चहा प्यायला गेलो.

पण डिफरन्सची जोडणी मात्र मी उकिडवं बसून पाहिली, आणि पैसे तिथेच वसूल झाले. मेस्त्रीनं वाटीत तेल घेतलं, त्यात शेंदूर कालवला आणि बोटानं क्राउनच्या पाचसहा दातांना फासला. चाक हातानं फिरवलं. पिनियनचा दात जिथे टेकला तिथला शेंदूर पुसून बोराएवढा डाग उमटला, पण टोकाकडे. "वर चढलाय," म्हणत त्यानं सगळं पुन्हा खोललं, कागदासारखी पातळ शिम घातली, पुन्हा जोडलं, पुन्हा शेंदूर. चार वेळा. पाचव्या वेळी डाग दाताच्या बरोबर मधोमध आला. मग नव्वद नंबरचं ऑइल ओतलं, ज्याचा वास आठवडाभर माझ्या शर्टाला होता, सडक्या अंड्यांचा. बायको डबा द्यायला आली होती. शेंदूर फासलेला तो भोपळा तिनं पाहिला आणि म्हणाली, "अहो, नारळ आणू का?"

गाडी खरंच शांत झाली. ऐंशीला आता बोलता येतं. बायको बोलली ती पेट्रोलबद्दल. हिशेबाची वही तिच्याकडे. पूर्वी लिटरला बारा किलोमीटर मिळायचे, आता वही म्हणत होती ११.३. इतका खर्च करून ॲव्हरेज घसरलं! "मग काय डिफरन्स पडला?" तिनं विचारलं. शब्द तिनं मुद्दाम वापरला.

दोन रात्री मला झोप नाही. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. ती मोजते शाफ्टचे फेरे, चाकाचे नव्हे. शाफ्ट आता कमी फिरतो, म्हणून मीटरला वाटतं आपण कमी चाललो. ९४.५ किलोमीटरचा एक्सप्रेसवे आमच्या मीटरवर ८६ च्या आतच संपतो. खरं ॲव्हरेज साडेबाराच्या आसपास होतं, म्हणजे वाढलेलं! मी पहाटे बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा आपण सहासष्टनं जातो? आणि पोलिसाला तुम्ही हा भागाकार करून दाखवणार?" आणि कूस बदलून झोपली.

खरी परीक्षा मुंबईहून परतताना. पुढचं सीट अजून जुनंच, अखंड बाकासारखं. त्यावर तिघं बसायची घरची रीत, आणि मधली जागा आत्याची. तिचं वय ब्याऐंशी, मागे बसलं की तिला मळमळतं. स्टिअरिंगच्या गिअरनं तिला चाळीस वर्षं कधी त्रास दिला नाही. आता दांडा नेमका तिच्या गुडघ्यांपाशी. पहिला आणि तिसरा पुढे पडतात, तिथे काही अडचण नाही. दुसरा आणि चौथा मागे.

सपाटीवर जे कमावलं ते खोपोलीनंतर घाटानं वसूल करायला सुरुवात केली. पूर्वी जो चढ फियाट तिसऱ्यात रडतखडत का होईना काढायची, तिथे आता ती तिसऱ्यात मान टाकू लागली. ३९ दातांचा प्रताप! वळण आलं, वेग गेला, दुसरा हवा.

"आत्या, दुसरा!"

आत्या गुडघे उजवीकडून डावीकडे घ्यायची, दांडा मागे यायचा. जरा रस्ता मोकळा झाला की तिसरा, पुढच्या वळणाला पुन्हा "आत्या, दुसरा!" पूर्वी अमृतांजन पूल होता त्या जागेच्या अलीकडे तर मी ओरडायच्या आधीच तिचे गुडघे हललेले असायचे, इंजिनाचा आवाज खाली गेला की तिला कळायचं. एकदा तर मी क्लच दाबला आणि दांडा माझ्या हाताआधीच मागे गेला.

लोणावळ्यात चिक्की घ्यायला थांबलो. मी म्हटलं, "आत्या, पुढच्या खेपेला तू खिडकीशी बस, हिला मध्ये बसवू."

आत्यानं पदरानं घाम टिपला. "आणि गिअर कोण टाकणार?"