ओव्हरफ्लो

पुण्यात ज्यानं एकदा आडवी करून बजाज चेतक चालू केली, त्याला जगातल्या प्रत्येक कार्ब्युरेटरवर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं वाटतं. मिशिगनला स्थायिक झालेला आमचा बंड्या याच पंथातला. त्यानं १९७०च्या दशकातली इनबोर्ड मोटरबोट घेतली. 'स्वस्तात मिळाली' असं तो सांगतो, तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघतात.

इनबोर्ड म्हणजे पेट्रोलचं इंजिन बोटीच्या पोटात, झाकणाखाली. ते सुरू होईना आणि झाकण उचललं तर पेट्रोलचा भपकारा. "ओव्हरफ्लो!" बंड्या ओळखीचं माणूस भेटावं तसा हरखला. बोट आडवी करता येत नाही (ती आपणहून होते ती गोष्ट वेगळी), म्हणून त्यानं 'एकदा स्टार्टर मारून बघू' म्हणत चावीला हात घातला. तेवढ्यात शेजारच्या बोटीवरचे आजोबा "नो!" असे ओरडले की धक्क्यावरची बदकंही उडाली.

मग शिकवणी झाली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. स्कूटरखाली सांडलेलं पेट्रोल रस्त्यावरून उडून जातं. बोटीत वाफ तळाशी जाऊन बसते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, किमान चार मिनिटं चालवायचा. पण आधीच वास येत असेल, तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. माणसं धक्क्यावर, झाकणं सताड उघडी, सांडलेलं टिपून बाहेर.

दोष सापडला तो साधाच. कार्ब्युरेटरमधला फ्लोट वर आला की सुई पेट्रोलची वाट बंद करते. फ्लशच्या टाकीतला चेंडू हेच करतो. सुईखाली कचरा अडकला की वाट उघडी राहते. इथं फ्लोटच पेट्रोल पिऊन जड झाला होता. इंजिनातल्या ऑइललाही पेट्रोलचा वास, म्हणजे तेही बदला. आजोबांनी जुने रबरी पाइपही बदलायला लावले, कारण तिथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. (आपल्याकडे आता वीस टक्के. हा विषय निघाला की बंड्याचे वडील फोन ठेवत नाहीत.)

बंड्याचं पुढचं संशोधन असं, की इंजिन मोटारीचंच आहे, तर कार्ब्युरेटरही मोटारीचा लावू, निम्म्या किमतीत! आजोबांनी डोळे मिटून घेतले. बोटीच्या कार्ब्युरेटरमधून उतू गेलेलं पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच जाईल अशी सोय असते. स्टार्टर आणि अल्टरनेटरही आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला भेटू नये असे बनवलेले. तीच गोष्ट कार्ब्युरेटरवरच्या फ्लेम अरेस्टरची, म्हणजे आतली ज्वाळा आतच अडवणाऱ्या जाळीची. अमेरिकेत पेट्रोलच्या इनबोर्ड इंजिनांना तो १९४० पासून सक्तीचा आहे, आणि बंड्यानं तो 'हवा मोकळी येते' म्हणून काढून गॅरेजमध्ये ठेवला होता. वहिनींनी तो शोधून आणला. त्यात त्यांनी कोथिंबीर लावायची ठरवली होती.

आता बोट चालते. उन्हाळ्यात तुम्ही तिकडे गेलात तर बंड्या तळ्यावर नेणारच, जरूर जा. मात्र चढण्याआधी झाकण उघडायला लावा आणि पेट्रोलचा वास येतो का, ते स्वतःच्या नाकानं बघा. बंड्याला बारा महिने सर्दी असते.