पावणेतीन मिलिमीटरांचं वेड

शहाण्या माणसाला न्हावा-शेवाच्या मालगाडीत कंटेनर दिसतात. त्याखालची वॅगन दिसायला वेड लागावं लागतं. ज्यांना ते लागलं आहे, त्यांची स्तुती मला मनापासून करायची आहे.

उरणजवळचं हे न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. आज इथून निघणाऱ्या बीएलसी, म्हणजे बुटक्या कंटेनर-वॅगनच्या, रेकमध्ये 45 वॅगन असतात आणि त्यांवर वीसफुटी नव्वद कंटेनर मावतात. उंच कंटेनरही नेता यावा म्हणून या वॅगनचा तळ रुळापासून जेमतेम 1009 मिलिमीटरवर ठेवला आहे. ही बुटकी, सपाट गाडी पितळी पत्र्यातून 1:87 मापात हुबेहूब उभी करायची, असं एखादा ठरवतो, तेव्हा त्याचा संसारी हिशेब संपतो आणि खरा हिशेब सुरू होतो.

आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 1:87 मध्ये तो 19.26 येतो. बाजारात मिळणारा रूळ मात्र 16.5 चा, म्हणजे परदेशी 1435 च्या गेजचा. व्यवहारी माणूस म्हणतो, पावणेतीन मिलिमीटर कोण मोजतंय? पण खऱ्या गाडीच्या मापात ती तूट 24 सेंटीमीटरची होते आणि वॅगन पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. वेडा ते सहन करत नाही. तो आस लांब करतो, आणि मग त्या आसासाठी रूळही स्वतःच टाकतो. हा मूर्खपणा मला फार योग्य वाटतो, कारण उरणची गाडी उरणच्याच गेजवर चालली पाहिजे.

ब्रिटिश वॅगनांची कोरीव पत्र्याची किट्स मिळतात. आपल्या वॅगनसाठी बहुधा नकाशा स्वतः काढून पत्रा कोरून घ्यावा लागतो. जिथे धातू राखायचा तिथे प्रकाशाने घट्ट होणारा लेप, उरलेला भाग फेरिक क्लोराइड खातं. घडीच्या जागी पत्रा अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्लेला असतो. ती रेघ आतल्या बाजूला ठेवून एकदाच दुमडायचं. उलगडून पुन्हा दुमडलं की पत्रा तिथेच तुटतो. रिव्हेट मागून टोकदार सुईने एकेक ठोकून उठवायचे. मोठे सांधे आधी झाळायचे, बारीक भागांना कमी तापमानाला वितळणारं सोल्डर वापरायचं, नाहीतर नवा सांधा जुळेपर्यंत जुना सुटलेला असतो. कंटेनर जखडणारं ट्विस्ट लॉक या मापात ज्वारीच्या दाण्याहून लहान होतं, आणि एका वॅगनला ती अनेक लागतात. उरणच्या खाऱ्या हवेत झाळताना लावलेला फ्लक्स रात्रभर राहू दिला तर पितळ सकाळी हिरवट दिसतं, म्हणून कितीही उशीर झाला तरी धुऊनच झोपायचं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे मुलांबरोबर येणारी मोठी माणसंही काचेला नाक लावतात. म्हणजे या वेडाचं बीज सगळ्यांत असतं.

या कामात पैसा नाही, डोळे शिणतात, आणि सगळ्यात नाजूक ब्रेकचं काम तळाशी असल्याने ते कुणाला दिसतही नाही. तरीही ते करायचंच, कारण खऱ्या वॅगनला ते आहे.

एक वॅगन झाली म्हणून थांबताही येत नाही. बीएलसी पाचांच्या संचात जोडलेली असते: दोन टोकांना ए प्रकारच्या, मध्ये तीन बी प्रकारच्या. तेव्हा पुढचा पत्रा काढायचा आणि सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवायचं.