निळ्या दिव्यास खुले पत्र

दाताच्या दवाखान्यात दात पांढरे करताना खुर्चीवर वाकून उभ्या राहणाऱ्या दिव्या,

तुझ्यावर सरळ आरोप आहे: दुसऱ्याच्या कामाचं श्रेय तू लाटतोस आणि त्याचे पैसेही लावतोस. दात पांढरे करतं ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल. दवाखान्यात ते साधारण २५ ते ४० टक्क्यांचं असतं. इनॅमलमधून आत डेंटिनपर्यंत झिरपतं आणि डाग देणारे रेणू फोडतं. तू नसलास तरी फोडतंच. हिरड्यांवर संरक्षक थर द्यायचा, जेल लावायचं, ठरल्या वेळेला पुसून पुन्हा लावायचं. साधी पद्धत एवढीच. पण तिचं पोस्टर कुणी लावत नाही. पोस्टरवर तूच, निळाशार.

२०१२ साली संशोधकांनी बऱ्याच चाचण्या एकत्र करून तुझी झडती घेतली. १५ ते २० टक्क्यांच्या सौम्य जेलला तू तात्पुरता हातभार लावतोस, एवढं तुझ्या पदरात पडलं. २५ ते ३५ टक्क्यांच्या जेलबरोबर तुझं असणं-नसणं सारखंच, वर दातांचा ठणका वाढवलास. २०१८ च्या तशाच पाहणीत ठणक्याच्या आरोपातून तू सुटलास. पण जेल सौम्य असो की कडक, रंगात तुझ्यामुळे फरक नाही, हेही तिथेच ठरलं.

सगळ्यात संताप येतो तो तुझ्या 'आधी-नंतर'च्या फोटोंचा. गाल ताणून तोंड तासभर उघडं ठेवलं की दात सुकतात, आणि सुकलेला दात मुळातच जास्त पांढरा दिसतो. लाळेनं पुन्हा भिजला की एक-दोन दिवसांत तो पांढरेपणा उतरतो. फोटो मात्र खुर्चीतून उठायच्या आत काढलेला! लग्न तोंडावर आलेली मुलगी तो बघून पैसे मोजते. तिच्या पुढच्या दाताची कॅप किंवा जुनं फिलिंग जेलनंही उजळत नाही, तुझ्यानंही नाही. उलट शेजारचे दात उजळले की तेच पिवळं उठून दिसतं. हे तिला आधी सांगायला हवं होतं.

हिंमत असेल तर माझी अट मान्य कर. एका बाजूच्या दातांवर जेल आणि तू, दुसऱ्या बाजूला नुसतं जेल. दातांची रंगछटा मोजायचं शेड गाईड दोन आठवड्यांनी लावायचं, आणि कुठल्या बाजूला तू होतास हे ठाऊक नसलेल्या माणसानं. तोवर बिलातली तुझी रक्कम खोडून टाक.