पानामागचे दशावतार
१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगाला खुले केल्यापासून पानाचे एचटीएमएल, म्हणजे मजकुराची मांडणी ब्राउझरला सांगणारी खुणांची भाषा, पाहणाऱ्याच्या संगणकावर उतरतेच. त्यामुळे लेखी संहितेविना, जुन्या नटांकडे पाहून दशावतार शिकणाऱ्या सिंधुदुर्गात दुसऱ्याचे पान पाहून पान बनवण्याची विद्याही फुकटात आत्मसात व्हावी, यात नवल नाही. मात्र तारकर्लीच्या निवासगृहासाठी कळंगुटच्या हॉटेलचे पान न वाचताच उचलले, तर भेटी मोजणारी 'ॲनालिटिक्स'ची ओळही सोबत येते आणि मालवणचा पाहुणा इमानेइतबारे गोव्याच्या खात्यात नोंदला जातो. (गोव्याला पाहुण्यांची एवढी टंचाई खचितच नसावी.) शिवाय आरक्षण आणि पैसे सांभाळणारा सर्व्हरवरचा कोड ब्राउझरकडे येतच नसल्याने 'खोली आरक्षित करा' हे बटण दिसते देखणे, पण दाबल्यावर ढिम्म हलत नाही.