लेंगा आणि लहंगा

माझं हिंदी शुद्ध आहे, असं माझं मत आहे. लखनौच्या व्याह्यांनी ते खोडलं नाही. फक्त चहाचा कप खाली ठेवला. "समधीजी, सुबह टहलने जाते हैं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "रोज़! लहंगा पहना और निकल पड़े!"

मनात लेंगाच होता. पण मराठी शब्दात 'ह' पेरला की हिंदी उगवतं, हा माझा जुना सिद्धांत नडला. आपला लेंगा पुरुषाचा, दोन पायांचा. त्यांचा लहंगा बाईचा, घेरदार. विहीणबाई पदराआड हसल्या. लेकीने मला नजरेनेच पुण्याच्या गाडीत बसवलं.

तसे वस्त्रांना वाटेत पाय फुटतातच म्हणा. अरबीतली इजार म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड. मराठीत तिची विजार होईस्तोवर तिला चांगले दोन पाय आले.

पण लेंग्याचा जीव नाडीत. इलॅस्टिकवाल्यांना तो कळायचा नाही. नाडी नेफ्यात गडप व्हायची ती नेमकी एसटीच्या वेळेला. मग तिच्या टोकाला सेफ्टीपिन टोचून आत ढकलायची, आणि अर्ध्या वाटेत पिन उघडायची. आमच्याकडे यासाठी दांड्याला भोक असलेला एक टूथब्रश होता. दातांच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर तो वीस वर्षं नाडीखात्यात होता, आणि दातांपेक्षा तिथेच जास्त चमकला.

वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांची नाडी मी बांधायचो. "सुरगाठ मार रे, माझी मला सोडता आली पाहिजे," ते म्हणायचे. एकदा घाईत मी निरगाठ मारली. त्यांना ती वेळेत सुटली नाही. मला ते काहीच बोलले नाहीत.

परवा लक्ष्मी रोडवर एका दुकानात म्हटलं, "लेंगा दाखवा."

"काका, तिसरा मजला. ब्रायडल."

"अरे, मला घालायचाय!"

पोरगा थेट व्याह्यांसारखा थबकला. लखनौत चूक माझी होती. इथे पुण्यात, मराठी पोराशी मराठीत बोलताना, कोणाची? मी तावातावाने त्याला मराठी शिकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तळघरातून एक आणून दिला. 280 रुपये. बिलावर लिहिलंय : जेन्ट्स लोअर, 1 नग.

इलॅस्टिकचा आहे.