ओलावा तपासून घ्या

आदिलाबादच्या बाजारात कापूस नेला की सरकारी कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा माणूस आधी यंत्र खुपसून ओलावा मोजतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, 12 च्या वर गेला की गाडी परत. मग त्याच कापसाच्या पैशावर पोरगं हैदराबादला अमीरपेटात कॉम्प्युटर कोर्सला जातं. तिथल्या मैत्रीवनम इमारतीच्या आसपास पाट्याच पाट्या: जावा, पायथन, फुल स्टॅक, डेमो फुकट. तिथे मात्र यंत्र एकच, पैसे मोजायचं. फी भरली की डिग्री अडकलेला आणि कॉम्प्युटर कालच पाहिलेला, दोघेही एकाच बॅचमध्ये ‘इंडस्ट्री रेडी’!

काही महिन्यांनी पोरगं परततं ते विकसित होऊनच. घरी मराठी, बाजारात तेलुगू बोलणारं, आता दोन्हींत ‘बेसिकली’ म्हणतं. वखराला हात लावत नाही. आईच्या भाकरीला ‘फीडबॅक’ देतं. आणि नोकरी? ‘पाइपलाइनमध्ये’ आहे.

बापांनो, फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोन पोरांना फोन लावा आणि फ्लेक्सवरचं पॅकेज सोडून बँकेत जमा झालेला पगार विचारा.