पन्नास रुपयांची राज्यमाता
३० सप्टेंबर २०२४ला देशी गाय ‘राज्यमाता’ झाली. गोशाळांना तिच्या पोटापाण्यासाठी दर गायीमागे रोजचे ५० रुपयेही ठरले. (चहा-वडापावला पुरतात. कडब्याचं विचारू नका.)

परवा एका गोशाळेत गेलो. एका दावणीला तिघी. एकीला बसायचं तर दुसरीनं उठायचं. खाली शेणामुताचा राडा, गव्हाणीत कडब्याची बुडखं आणि कोपऱ्यातल्या भाकडीच्या बरगड्या लांबून मोजता येतील अशा. ऐसपैस जागा फक्त देणगीदारांच्या ग्रॅनाइटच्या पाटीला. वाढदिवसाला गुळाची ढेप घेऊन आलेल्या दादांचा फोटो निघाला, ढेप मात्र पुढे दिसली नाही.

“जागाच नाही हो,” व्यवस्थापक कुरकुरले, “तरी रात्री कुणीतरी फाटकाला एक बांधून जातंच.”

बांधणाऱ्याच्या गाडीवर काय लिहिलेलं असतं, तेही त्यांनी सांगितलं: ‘आईचा आशीर्वाद’.